ग्लायडरच्या रेडिओला बॅटरी नेमकी किती व्होल्टची?

उतरण्याआधी डाऊनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर जाणाऱ्या टप्प्यावर आलो, पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबलं आणि रेडिओचा डिस्प्ले विझला. बोट उचललं तसा परत उजळला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला. बाकीच्यांचं बोलणं मात्र खणखणीत ऐकू येत होतं. उतरल्यावर कळलं की खाली माझे फक्त दोन 'टक्' पोचले होते. लगेच बॅटरीला मीटर लावला. १२.१ व्होल्ट. बॅटरी १२ ची, मीटरही १२ दाखवतोय, म्हणजे दोष रेडिओत, असं ठरवून मी रेडिओ काढला आणि दुरुस्तीला पाठवला. तीन आठवड्यांनी तो 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आला.

मी चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी मोजलं होतं. रेडिओला कामाचं असतं ते त्याच्या पाठीमागच्या प्लगवर, पीटीटी दाबलेलं असताना, उड्डाणाच्या शेवटच्या तासात उरलेलं व्होल्टेज. बॅटरीच्या अंगावर छापलेल्या आकड्याचं त्याच्याशी नातं आहे, पण ते लांबचं. पुढे जे लिहिलंय ते माणूस बसून उडवतो त्या बिनइंजिनाच्या ग्लायडरसाठी आहे. मॉडेल ग्लायडरच्या रिसीव्हरचं गणित अगदी वेगळं असतं, ते इथे लावू नका.

सुरुवातीला हे जवळ घेऊन बसा

- रेडिओचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल. वैमानिकाला देतात ती छोटी पुस्तिका पुरत नाही, विजेचे आकडे बहुतेक वेळा इन्स्टॉलेशनच्या पुस्तकातच असतात.
- ग्लायडरचं फ्लाइट मॅन्युअल आणि वजन-तोलाचा ताजा तक्ता
- हातातल्या किंवा विचारात असलेल्या बॅटरीची डेटाशीट
- डिजिटल मल्टिमीटर आणि बारीक टोकांचे प्रोब
- गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी जोडून. हा पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे बोलताना रेडिओ जेवढा ओढतो साधारण तेवढाच. या लेखात तो दोनदा लागणार आहे.
- एक वही

१. '१२ व्होल्ट' या शब्दावर विश्वास ठेवू नका

शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरून रात्रभर निवांत ठेवली तर ती १२.७ ते १२.८ दाखवते. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास, आणि ११.८ ला आली म्हणजे जवळपास रिकामीच. मीटरवर '१२' दिसतंय याचा अर्थ बॅटरी ठीक आहे असा नसून ती निम्म्याहून खाली गेली आहे असा आहे. माझे ते १२.१ असेच होते.

आता दुसरी बाजू. विमानाचे रेडिओ मुळात इंजिनाच्या विमानांसाठी घडवले गेले. तिथे बॅटरी १२ ची असली तरी इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ती भरत असतो आणि सगळ्या उपकरणांना १४ व्होल्टच्या जवळपास मिळतं. म्हणून रेडिओच्या कागदावर १३.७५ किंवा १३.८ व्होल्ट असा आकडा दिसतो. 'आउटपुट ६ वॅट' वगैरे जे लिहिलेलं असतं ते त्या व्होल्टेजला मोजलेलं. ग्लायडरमध्ये अल्टरनेटर नाही. रेडिओ १४ ची अपेक्षा ठेवून येतो आणि आपण त्याला पहिल्या मिनिटापासून उतरत जाणारे बारा-साडेबारा देतो. सगळा गोंधळ या एका गोष्टीतून सुरू होतो.

२. मॅन्युअलमधून चार आकडे वहीत उतरवा

१. नेहमीचं व्होल्टेज किती.
२. कमाल किती. हा ओलांडला तर रेडिओ जळतो, त्यामुळे लाल पेनाने लिहा.
३. किमान किती. इथे नीट वाचा: कित्येक रेडिओंना ऐकण्यासाठीची किमान मर्यादा वेगळी आणि बोलण्यासाठीची वेगळी असते. आपल्याला बोलण्याची हवी.
४. ऐकताना किती करंट, बोलताना किती.

आजचे बरेच रेडिओ साधारण १० ते ३० व्होल्टच्या पल्ल्यात चालतात आणि त्यांच्याबाबत निम्मी चिंता मिटते. जुने मात्र १३.७५ च्या आजूबाजूलाच खूश असतात. तुमच्या ग्लायडरमध्ये एखादा वीस-तीस वर्षांचा रेडिओ असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

व्होल्टेज पडल्यावर आवाज का बिघडतो हेही समजून घ्या. विमानांचा व्हीएचएफ बँड ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा, आणि तिथे अजूनही एएम, म्हणजे आवाजानुसार लहरीची उंची बदलण्याची पद्धत चालते. तुम्ही जोरात बोलता तेव्हा शिखरावर लहरीची उंची दुप्पट होते, म्हणजे त्या क्षणी शक्ती चौपट लागते. व्होल्टेज अपुरं असेल तर नेमकी ही शिखरं छाटली जातात. खालच्या माणसाला तुमचा कॅरिअर, म्हणजे नुसती मूळ लहर मिळते, पण बोलणं गुळमुळीत येतं. त्याहून खाली गेलात की रेडिओतला मेंदूच बंद पडून पुन्हा सुरू होतो. माझ्या डिस्प्लेचं तेच होत होतं.

नुसते वॅट थोडे कमी झाले तर मात्र फारसं मनावर घेऊ नका. शक्ती निम्मी झाली तरी मोकळ्या हवेतला पल्ला सुमारे ३० टक्केच घटतो, आणि उंचीवर असताना तुमचं बोलणं तसंही लांबवर जातं. नवखे लोक वॅटांच्या मागे लागतात. त्रास देतो तो रीसेट होणारा रेडिओ.

३. बॅटरीची जात निवडा

सीलबंद शिशाची, ६ सेल. ग्लायडरमधली जुनी, ओळखीची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता). वजन सव्वादोन-अडीच किलो. उतरताना व्होल्टेज हळूहळू खाली येतं, त्यामुळे मीटर बघून किती उरली याचा अंदाज येतो. हा तिचा मोठा गुण. अवगुण हा की पहिल्या तासापासूनच ती १२.५ च्या खाली सरकू लागते, आणि थंडीत आणखी आखडते: शून्य अंशाला साधारण ८० ते ८५ टक्के क्षमता हाती लागते. प्रमाणित वातावरणात दर किलोमीटर उंचीला ६.५ अंश कमी होतात. उंचावर दोन-चार तास काढणार असाल तर मागच्या कप्प्यातल्या बॅटरीला कोणी स्वेटर घालत नाही, हे ध्यानात असू द्या.

लिथियम आयर्न फॉस्फेट, ४ सेल. छापील आकडा १२.८. पूर्ण भरून थोडा वेळ ठेवली की १३.३ च्या आसपास, आणि बहुतेक उड्डाणभर १३ च्या अवतीभवती टिकून राहते. १३.७५ मागणाऱ्या रेडिओला अल्टरनेटरशिवाय यापेक्षा बरं काही मिळत नाही. तेवढ्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा वजन निम्म्याहून कमी. आज कोणी विचारलं तर मी हीच सांगतो. पण तिची खोड आधी माहीत हवी. ती संपत आल्याचं सांगत नाही. १३.१, १३.०, १३.०, १२.९ करत राहते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी कोसळते. आतली संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, एका क्षणात सगळं तोडून टाकते. शिशाची बॅटरी कण्हत-कुंथत जाते, ही न सांगता निघून जाते.

साधी लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर. तीन सेल घेतले तर ११.१ व्होल्ट: पूर्ण भरल्यावर १२.६, संपताना ९ च्या आसपास. रेडिओसाठी अपुरी. चार सेल घेतले तर १४.८, पण पूर्ण भरल्यावर १६.८. इथे वहीतला लाल आकडा बघा. रेडिओला चालेलही, पण त्याच तारेवर असलेल्या व्हेरिओला (चढ-उताराचा वेग दाखवणारं उपकरण) किंवा फ्लार्मला (टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारं) चालेल का? त्यात बिघडली तर पेट घेणारी ही जात, आणि तुम्ही तिच्याशेजारी बसलेले. मी ग्लायडरमध्ये ठेवत नाही.

निकेल-मेटल-हायड्राइड. सेलला १.२ व्होल्ट, म्हणजे दहा सेलांचे १२ आणि बारा सेलांचे १४.४. पूर्वी जुन्या रेडिओंसाठी बारा सेलांचे संच वापरले जात. आता नव्याने घ्यायचं कारण दिसत नाही.

१२ + २ ची जुनी युक्ती. जुन्या ग्लायडरमध्ये कधीकधी १२ च्या शिशाच्या बॅटरीला २ व्होल्टचा एक सेल मालिकेत जोडलेला दिसेल. सात सेल, १४ व्होल्ट. हट्टी रेडिओसाठी कोणीतरी विचारपूर्वक केलेली सोय आहे ती. तिला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. १२ चा चार्जर तिला कधीच पूर्ण भरू शकत नाही. आणि सात सेलांचा चार्जर लावला की तारेवर १६.८ पर्यंत जातं, तेव्हा चार्ज करताना उपकरणं सुटी केलेली हवीत. शिवाय लहान सेल आणि मोठी बॅटरी एकत्र म्हातारी होत नाहीत. लहानगा आधी मरतो आणि सगळ्या संचाला घेऊन बसतो.

सापळा: '१२ कमी पडतात ना, मग व्होल्टेज वाढवणारा छोटा कन्व्हर्टर लावू.' लावून बघितलाय. स्वस्तातला कन्व्हर्टर आतून भराभर स्विच होत असतो आणि त्याची किणकिण थेट रेडिओत शिरते. स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर दाबणारी सोय) उघडाच राहिला. दोन दिवसांत काढून टाकला.

४. एएच चा हिशेब

व्होल्टेजच्या लेखात क्षमता कशाला? कारण क्षमता कमी पडली की शेवटच्या तासात व्होल्टेजच कमी पडतं.

उपकरणांचे सरासरी अँपिअर लिहा आणि बेरीज करा. एक नमुना: रेडिओ ऐकताना ०.२. बोलताना २ अँपिअर, पण तीन टक्के वेळच बोलतो असं धरलं तर सरासरी ०.०६. व्हेरिओ ०.१, फ्लार्म ०.१, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) ०.४, नकाशाचा डिस्प्ले ०.३. बेरीज १.१६. सहा तासांचं उड्डाण म्हणजे ७ एएच.

कागदावर ७ एएच ची बॅटरी बरोब्बर पुरली. प्रत्यक्षात नाही. शिशाच्या बॅटरीवरचे ७ एएच बहुतेक २० तासांत, म्हणजे ०.३५ अँपिअरने, सावकाश उतरवून मोजलेले असतात. १.१६ ने ओढलेत तर त्याहून कमी मिळतात. थंडी आणि वय यांचा वाटा आणखी वेगळा. मी शिशाच्या बॅटरीचा ६० टक्केच हिशेब धरतो, लिथियम आयर्न फॉस्फेटचा ८० टक्के. वरच्या नमुन्याला शिशाच्या दोन लागतील, किंवा दुसऱ्या जातीची ९-१० एएच ची एक.

५. वाटेत किती गळतात ते मोजा

ही पायरी लोक गाळतात. माझा रेडिओ तीन आठवडे फुकट फिरून आला तो मीही गाळली म्हणून. चिठ्ठी वाचल्यावर मी रेडिओचा प्लग उघडला, मागे प्रोब टोचले आणि सोबत्याला पीटीटी दाबायला सांगितलं. मीटर १२ वरून सरळ १०.६ वर आला.

दीड व्होल्ट कुठे गेले? एकेक टप्पा मोजत गेलो.

- बॅटरीच्या टोकांवरच, ओझं पडल्यावर: १२.१ चे ११.८. बॅटरी अर्धी उतरलेली, वरून चार वर्षांची.
- वायर: ०.५ चौरस मिलिमीटर, बॅटरीपासून पॅनलपर्यंत ३ मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणून ६ मीटर धरायची. मीटरला ०.०३५ ओहम या दराने ०.२१ ओहम. २ अँपिअरला ०.४२ व्होल्ट गेले.
- दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवायला कोणीतरी लावलेला डायोड: ०.५
- फ्यूजचा होल्डर आणि स्विच मिळून: ०.३. होल्डरच्या पत्तीवर हिरवट थर आला होता, नखाने खरवडला तर सुटत होता.

यातला एकही तोटा एकट्याने रेडिओ बंद पाडण्याइतका मोठा नव्हता. १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तसं वायरीतलं नुकसान ०.१५ वर आलं. डायोड काढला, होल्डर बदलला. त्याच जुन्या बॅटरीवर प्लगवर ११.६ मिळाले आणि डिस्प्ले पुन्हा कधी विझला नाही.

मोजण्याची रीत अशी. रेडिओचा प्लग काढा, पुरवठ्याच्या दोन पिनांवर २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पेटलेला असताना आधी बॅटरीच्या टोकांवर, मग प्लगवर मोजा. दोन आकड्यांतला फरक ०.३ च्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या वर असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी वायरिंगकडे बघा. कुठे गळतंय ते शोधायला मीटरची दोन टोकं एकाच वायरीच्या दोन बाजूंना, फ्यूजच्या दोन बाजूंना, स्विचच्या दोन बाजूंना लावत जा. जिथे आकडा मोठा, तिथे चोर. बल्ब वापरला की चाचणीसाठी फ्रीक्वेन्सी अडवून बसावं लागत नाही.

६. दोन बॅटऱ्या असतील तर

साध्या दोन-बाजूंच्या स्विचवर ठेवा, एका वेळी एक. बदलताना क्षणभर वीज तुटते आणि रेडिओ रीसेट होतो, म्हणून उतरण्याच्या सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत शिरायच्या आधी बदला, फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यावर) नको. वेगळ्या जातीच्या किंवा वेगळ्या वयाच्या बॅटऱ्या समांतर जोडू नका. भरलेली रिकामीत ओतत बसते. डायोड लावायचाच असेल तर शॉट्की लावा, साधा सिलिकॉन ०.७ खातो.

७. चार्जर बॅटरीबरोबरच ठरवा

शिशाच्या बॅटरीला चार्ज होताना १४.४ ते १४.७ लागतात आणि भरून ठेवायला १३.५ ते १३.८. उड्डाणावरून आल्यावर त्याच संध्याकाळी लावा. उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेटला तिचाच चार्जर. शिशाचा 'स्मार्ट' चार्जर वरवर चालतो असं वाटतं, कारण १४.४ दोघींना चालतात. पण त्यातल्या काहींना सल्फेट झाडायची सोय असते आणि तेव्हा ते १५ च्या वर झटके मारतात. आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नका. वापरायला हरकत नाही, भरायला आहे. रात्री ट्रेलरमध्ये गारठलेली बॅटरी आधी घरात आणा.

८. बसवताना

फ्यूज बॅटरीच्या टोकाला चिकटून हवा. पॅनलमधला फ्यूज उपकरणाला सांभाळतो, पण मधली तीन मीटर वायर उघडीच राहते. ती कुठे घासली तर धूर तुमच्या पाठीमागून येणार.

बॅटरी पट्ट्याने किंवा क्लॅम्पने पक्की. १० जीचा दणका बसला तर अडीच किलोची बॅटरी पंचवीस किलोसारखी वागते आणि ती तुमच्या डोक्यामागे असते.

आणि तोल. शिशाची काढून हलकी लावली म्हणजे दीड किलो गेलं. नाकातलं गेलं तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, शेपटातलं गेलं तर पुढे. दीड किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेपटाच्या टोकाचा हात, म्हणजे तरफेचं अंतर, लांब असतो. हलक्या वैमानिकाचं किमान वजन त्याने बदलू शकतं. नवा तक्ता करा, आणि ग्लायडर प्रमाणित असेल तर देखभालीवर सही करणाऱ्या माणसाला बॅटरी विकत घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

९. दर उड्डाणाआधी, आणि वर्षातून एकदा

सकाळी कॉकपिटमध्ये बसल्यावर व्हेरिओ किंवा डिस्प्लेवर व्होल्टेज दिसत असेल तर ते पीटीटी दाबून, म्हणजे रेडिओ चेकच्या वेळीच बघा. शिशाची बॅटरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.५ च्या खाली असेल तर मी ती घेऊन उडत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज काही सांगत नाही, म्हणून वहीत तास लिहायचे: शेवटच्या पूर्ण चार्जनंतर किती तास झाले.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज छान येतोय यावर जाऊ नका. तो साइडटोन रेडिओ आतल्या आत देत असतो, बाहेर काय गेलं हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. 'कसा ऐकू येतोय' हे दुसऱ्यालाच विचारायला हवं.

हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस बल्बाची चाचणी. बॅटरी पूर्ण भरा, रात्रभर ठेवा, सकाळी बल्ब लावा आणि घड्याळ बघा. ७ एएच ची चांगली शिशाची बॅटरी १०.५ व्होल्टवर यायला तीन तासांच्या आसपास घेते. १०.५ ला लगेच बल्ब काढा आणि चार्जरला लावा. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साडेतीन तासांच्या पुढे जायला हवी. तिथे बीएमएस तोडेपर्यंत थांबू नका, १२ ला काढलीत तरी पुरे, कारण त्यानंतर फारसं काही उरलेलं नसतं. शिशाची दोन तासांच्या आत १०.५ वर आली तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'उडवू नये' लिहा आणि ती ग्लायडरपासून लांब ठेवा. न लिहिता कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी कोणीतरी घाईच्या सकाळी हमखास उचलून बसवतो.